प्रकाशयोजनेत करिअर करताय? मग या चुका टाळा

एकांकिका स्पर्धांमधून आलेली बरीच पोरं फक्त शुभारंभाच्या प्रयोगाचा विचार करतात आणि तिथेच फसतात. व्यावसायिक नाटकात प्रकाशयोजनाकार सुरुवातीच्या प्रयोगांना असतो, नंतर शिवाजी मंदिर, गडकरी, बालगंधर्व अशा नाट्यगृहांत फिरताना लाईट ऑपरेटरच सांभाळतो, प्रत्येक ठिकाणी लाईट टांगायचे बार वेगळे, अंतरं वेगळी, आणि पन्नासाव्या प्रयोगाला तुमच्याशिवाय नाटक तसंच दिसलं तरच निर्माता परत फोन करतो.

त्यामुळे क्यूशीट, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला लाईट बदलायचा याची यादी, डोक्यात ठेवू नका, नुसती पेनड्राइव्हवर पण नको, दुसऱ्या कंपनीचा कन्सोल (लाईट चालवायचं यंत्र) समोर आला की ती फाईल उघडतच नाही. कागदावर लिहा, कुठल्या वाक्याला क्यू, फेड (लाईट हळूहळू कमी-जास्त होणं) किती सेकंदांचा. 'चॅनल 14' एवढंच लिहिलंत तर ऑपरेटर बिचारा काय करणार? 'खिडकीतून येणारं सकाळचं ऊन' लिहा, तिथे जे लाईट असतील त्यातून तो जमवतो.

तालमीला न जाता प्लॉट, म्हणजे लाईट कुठे लावायचे याचा आराखडा, काढायचा हा तर निव्वळ आळस. मग नट अंधारात सापडतो आणि सगळे ओरडतात लेव्हल वाढव! बहुतेकदा अँगल चुकलेला असतो, लाईट फार वरून आला की डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात, समोरून साधारण 45 अंशांत आणून बघा.

आता वायरिंग. एलईडी लुकलुकतोय? कोणीतरी त्याचा सप्लाय डिमरमधून (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रातून) दिलाय का बघा, त्याला थेट लाईन लागते. दोन लाईट एकत्रच पेटतायत म्हणजे त्यांचे डीएमएक्स (कन्सोलवरून लाईटना जाणारा सिग्नल) अ‍ॅड्रेस सारखे आहेत, आठ चॅनलचा लाईट 1 वर असेल तर पुढचा 9 पासून. आणि माईकची केबल डीएमएक्सला लावू नका, तालमीत चालते आणि नेमकी प्रयोगात दगा देते. जुने 1000 वॉटचे पार लाईट प्रत्येकी साधारण 4.3 अँपिअर खातात, 15 अँपिअरच्या लाईनवर तीनच लावा. गडद निळी जेल (लाईटसमोर लावायची रंगीत फिल्म) त्यांच्यासमोर पटकन जळते, जादा तुकडे जवळ ठेवा.

आणि हो, मानधन आधी बोला, लाजू नका. नाटकात नट बदलला, सेट छोटा केला तर परत येऊन लाईट बसवायचे पैसे वेगळे, आणि जाहिरातीत नाव येणार की नाही, हे पहिल्या मीटिंगलाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.