घरी बनवलेला कार ट्रेलर: चाकांची अडणी सर्वात शेवटी

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये गाडी वाहायचा ट्रेलर बनवत असाल, तर वर चढवलेल्या कारच्या पुढच्या चाकांची अडणी (चाकं पुढे सरकू नयेत म्हणून लावायचा आडवा तुकडा) घाईने वेल्ड करू नका. ओढणाऱ्या गाडीच्या हुकवर भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. ७०० किलोचा ट्रेलर आणि १४०० किलोची कार असेल, तर २१० ते ३१५ किलो. भार कमी पडला की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि ते झुलणं आवरणं फार कठीण असतं.

एवढं वजन बाथरूमच्या काट्याला पेलत नाही. म्हणून मजबूत तुळई घ्या: एक टोक पाइपवर, दुसरं तिथून ३ फुटांवर काट्यावर. ट्रेलरचं नाक (हुकवर बसणारं पुढचं टोक) तुळईवर पाइपपासून १ फुटावर टेकवा. काट्यावरचा आकडा गुणिले ३ म्हणजे हुकवरचा भार. (नुसती तुळई ठेवल्यावर काट्यावर दिसणारा आकडा आधी वजा करा.) ट्रेलर सपाट जमिनीवर, हुकच्याच उंचीला हवा, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावाच.

आता कार थोडी पुढे-मागे करून आकडा जुळवा, खूण करा, मग अडणी वेल्ड करा. दुसरी गाडी चढवाल तेव्हा मात्र पुन्हा मोजा.