नाशिकच्या काळ्या कातळाकडे पहिल्यांदा निघताना

भूविज्ञानाच्या पहिल्या फील्डला निघालेल्या नाशिकच्या मुलांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इथं काय बघायचं, सगळा काळा दगडच तर आहे." तयारी या वाक्यापासूनच सुरू करा. हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वर आला, पसरला, थिजला आणि थरावर थर बसत गेला. त्यातला एक थर कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता आलं तरी पहिला दिवस सार्थकी लागला असं मी मानतो.

म्हणून आधी शब्द गोळा करा, आणि ते विहीर खोदणाऱ्यांकडून. घरात किंवा ओळखीत कुणाची विहीर असेल तर किती फुटांवर काय लागलं ते विचारून घ्या. वर मुरूम, मग मांजऱ्या, खाली घट्ट काळा पाषाण, अशी उत्तरं मिळतील. मांजऱ्या म्हणजे थिजताना वायूचे बुडबुडे अडकून छिद्रं राहिलेला आणि पुढे ती छिद्रं पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरलेला दगड. असा दगड बहुधा थराच्या माथ्याकडे सापडतो, थराचा मधला भाग घट्ट असतो. दोन थरांमध्ये कधी कधी विटेसारखा लाल पट्टा दिसतो, तो नव्या लाव्ह्याखाली गाडली गेलेली जुनी झीज आहे. पुस्तकातली आकृती पाहण्याआधी हे ऐकलेलं असलं की कडा वाचता येतो.

त्याच आठवड्यात सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून या. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट या छिद्रांत भरणाऱ्या खनिजांचे स्फटिक तिथं डोळ्यांत भरतात. डोंगरात मात्र नखाएवढा तुकडा मिळाला तरी समाधान माना.

पिशवीत पहिली वस्तू वही. पुठ्ठ्याच्या बांधणीची, हातात मावेल अशी. सोबत दोन पेन्सिली, कारण घामानं किंवा पाण्यानं पेनाची शाई पसरते. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि दगड भिंगाकडे आणायचा. उलटं केलं तर धूसर दिसतं. पोलादी चाकू आणि ड्रॉपरच्या बाटलीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल हवं. पांढरं खनिज चाकूनं ओरखडलं गेलं आणि आम्लाच्या थेंबानं फसफसलं तर कॅल्साइट. ओरखडाच उठला नाही तर क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. बाटली घट्ट बंद करून वेगळ्या डब्यात ठेवा, आणि आम्ल प्रयोगशाळेतल्या शिक्षकांकडूनच पातळ करून घ्या. हातोडा, डोळ्यांना गॉगल, मार्कर, जाड पिशव्या, रद्दी पेपर. तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी, टोपी, घोट्यापर्यंतचे बूट.

नकाशाची गंमत अशी की २० अंश उत्तर अक्षांशाची रेषा नाशिक शहरातूनच जाते. त्यामुळे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांप्रमाणे शहर ४६ एच आणि ४७ ई अशा दोन भागांत वाटलं जातं. एकच नकाशा घेऊन निघालात तर अर्धा रस्ता कागदाबाहेर राहील. छापील प्रत घ्या, मोबाइलला दरीत रेंज नसते. गोल्फ क्लबच्या मैदानावर शंभर मीटर मोजून आपली किती पावलं होतात ते दोन-तीनदा चालून पाहा आणि तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

होकायंत्राचा सराव घरीच करावा लागतो, कारण इथले थर जवळजवळ आडवेच आहेत, मोजायला कल नाही. पोळपाट एका बाजूनं उचलून तिरपा ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. तो ओघळतो ती नतीची, म्हणजे थराच्या उताराची दिशा, तिला काटकोनात स्ट्राइक, म्हणजे थरावरची आडवी रेषा. वीस वेळा मोजलंत की हात बसतो. बेसॉल्टमध्ये लोहचुंबकी खनिज असतं, तेव्हा होकायंत्र कातळावर टेकवू नका. कमरेइतक्या उंचीवर धरून दोनदा वाचा.

जागा निवडताना सकाळी पांडवलेणी घ्या. कोरलेल्या भागात भेगा किती, वरच्या कड्यात किती, छिद्रं कुठे वाढतात, हे चोवीस लेण्यांसमोरून चालताना नुसतं बघायचं आणि वहीत त्याचं चित्र काढायचं. हातोडा तिथं पिशवीतून बाहेरही येता कामा नये. आंजनेरीलाही तोच नियम, ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. दगड फोडायचाच असेल तर नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यावर, मालकाला विचारून. तिथं कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला गोलसर दगडही भेटतो. त्याचा गाभा घट्ट काळा असतो आणि बाहेरची सालं मुरमाची.

दिवस जानेवारी-फेब्रुवारीतला धरा, पावसानंतरचं गवत तोवर वाळलेलं असतं. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको, सरळ मागे फिरा. गवतात काठी आपटत चला.

माझ्या पहिल्या फेरीत मी तीन थरांतले तीन तुकडे एकाच पिशवीत टाकले. घरी आल्यावर कुठला कुठला हे सांगता येईना, आणि सगळी मेहनत वाया गेली. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी चित्र, दिशा आणि माप लिहून, मग शेजारी पट्टी ठेवून फोटो, मग नमुना. तोच क्रमांक दगडावर, पिशवीतल्या चिठ्ठीवर आणि वहीत. दिसलेलं डाव्या पानावर, वाटलेलं उजव्या. रात्री कितीही थकलात तरी वही उघडून अर्धवट वाक्यं पूर्ण करा, चित्रावर उत्तर दिशेचा बाण राहिलाय का ते बघा.