ठाण्यात आठवडाभराचा मुक्काम: लांबच्या सायकलप्रवासातली विश्रांती कशी आखावी

कसारा घाट उतरून किंवा घोडबंदर रस्त्याने ठाण्यात शिरलात की आधी आडवं व्हावंसं वाटतं. व्हा, पण त्याआधी तासभर सायकलींना द्या. मुक्काम बिघडतो तो शेवटी. सहाव्या दिवशी कुणाच्या तरी मागच्या चाकाची तार (स्पोक) तुटलेली दिसते, त्या मापाची तार दुकानात नसते, मागवावी तर यायला तीन-चार दिवस लागतात आणि अख्खा गट अडकतो. म्हणून तपासणी पहिल्याच दिवशी, दुरुस्ती मधल्या दिवसांत आणि शेवटचा दिवस रिकामा.

राहायला तळमजला किंवा मोठी लिफ्ट असलेली जागा बघा. फ्लॅट घेणार असाल तर सायकली कुठे लावायच्या हे सोसायटीत आधीच विचारून ठेवा. रात्री दहा वाजता वॉचमनशी हुज्जत नको. सायकली उघड्यावर ठेवू नका. खाडीकडची दमट हवा धुतलेल्या, तेल न लावलेल्या चेनवर एका रात्रीत तांबूस गंज आणते. तंबू आणि स्लीपिंग बॅग त्याच दिवशी गच्चीवर पसरा. ओलसर गुंडाळून ठेवलेल्या तंबूला बुरशी लागली की वास जाता जात नाही.

आता चेन. पेडलवर थोडा दाब देऊन चेन ताणून धरा आणि स्टीलच्या स्केलचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. तिथून पुढे मोजत गेल्यावर चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंचांवर, म्हणजे 304.8 मिमीवर येते. अकरा-बारा स्पीडची (मागे तितक्या दातेरी चकत्या असलेल्या सायकलीची) चेन 306 मिमीच्या पुढे गेली, किंवा आठ ते दहा स्पीडची 307 मिमीपर्यंत पोचली, की बदला. चालढकल केली तर ताणलेली चेन कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, दात झिजवते. मग नवी चेन घातली तरी जुन्या दातांवर ती चढावर, नेमका जोर लावताना, उडते आणि खर्च दुप्पट होतो.

टायर काढून आतून कापसाचा बोळा फिरवा. हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या बारीक लोखंडी तारा पडलेल्या असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण कापूस बरोबर अडकतो. तिथली तार चिमट्याने ओढून काढा, नाहीतर नवी ट्यूबही दहा किलोमीटरांत बसेल. पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब एकदा उघडलेली असेल तर नवीच घ्या, आतलं बहुतेक सुकलेलं असतं. डिस्क ब्रेकच्या पॅडचं मटेरियल 1 मिमीच्या खाली गेलं असेल तर बदला. कॅरिअरचे बोल्ट 4 मिमीच्या ॲलन कीने तपासा आणि निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावून पुन्हा कसा. मागच्या चाकाच्या उजव्या आणि डाव्या तारांची लांबी सहसा वेगळी असते. दोन्ही मिमीमध्ये लिहून ठेवा. उजवीकडची तार बदलायला कॅसेट उतरवावी लागते, तेव्हा तिचं हत्यार गटात कुणाकडे तरी हवंच.

चार सायकली एकदम उघडू नका. एक उघडायची, तिचे नट-बोल्ट एका ताटलीत, ती जुळवली की दुसरी. रोटरला, म्हणजे डिस्क ब्रेकच्या चकतीला, चेनचं तेल लागू देऊ नका.

दुसरा दिवस झोपेचा. त्या दिवशी एकत्र कार्यक्रम ठेवूच नका. महिनाभर एकमेकांच्या चाकामागे चालवलेल्या माणसांना एक दिवस गप्प बसायला मिळणं फार मोलाचं आहे. ज्याला तलावपाळीवर फिरायचंय तो फिरेल, ज्याला झोपायचंय तो झोपेल. जेवणाचा खर्च एका डब्यातून, सुट्या भागांचा ज्याचा त्याने. भूक प्रचंड लागते. वरण-भात, उसळ, मासे, जे रुचेल ते पोटभर खा. सीटच्या घर्षणाने आलेली फोडं कोरडी ठेवा, घरात सैल सुती कपडे वापरा. लाली पसरत असेल किंवा ताप आला तर थेट डॉक्टर गाठा.

चौथ्या दिवशी सामानाशिवाय पाऊण तास, उपवन तलावाभोवतीच्या सपाट रस्त्यावर, गप्पा मारता येतील इतक्या संथ चालवा. नवी मुंबईत उतरला असाल तर पहाटे खारघरच्या आतल्या रस्त्यांवर.

पाचव्या संध्याकाळी सगळ्यांनी बसून ठरवा. सगळ्यात थकलेला माणूस काय म्हणतो ते आधी ऐका. त्याला आणखी दोन दिवस हवे असतील तर बाकीच्यांनी थांबायचं की पुढच्या गावी वाट बघायची, हे तोंडाने स्पष्ट बोला. न बोललेली नाराजी पुढच्या घाटात बाहेर येते.

सहाव्या दिवशी पूर्ण सामान लादून येऊरचा चढ चढा. बेलापूरला असाल तर पारसिक हिल. चढावर चेन उडते का आणि कॅरिअर हलतो का ते बघा. पॅड नवे असतील तर ताशी 20 किमी वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा ब्रेक दाबून त्यांना बसवा, मगच उतार घ्या.

निघताना पुण्याचा रस्ता पनवेल-खोपोलीचा जुना. एक्स्प्रेसवेवर सायकलींना बंदी आहे. अटल सेतूवरही सायकल चालत नाही. गोव्याकडे पनवेलहून पेणमार्गे. नाशिककडे जाणाऱ्यांनी माजिवडा-खारेगाव-मानकोलीचा पट्टा उजाडायच्या आत मागे टाकावा. पुढचा-मागचा लाइट रात्रीच चार्ज करून ठेवा.