जुन्या तलवारीची मूठ कुणी केली, कुठली आहे हे शोधताना या चुका टाळा

घरात जुनी तलवार निघाली की पहिला फोटो पात्याचा निघतो. त्यावर काहीतरी शिक्का दिसतो, कुणीतरी सांगतं "हा तर इटलीचा शिक्का", आणि झालं, पुढच्या दहा मिनिटांत सगळी तलवारच इटलीची होऊन बसते, मुठीसकट. मराठा किंवा दख्खनी तलवारीच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू.

आपल्याकडे पातं आणि मूठ हे दोन वेगळे माल होते. पातं बंदरातून यायचं, व्यापाऱ्याकडून घेतलं जायचं किंवा लढाईत हाताला लागायचं, आणि मग मालक आपल्या हाताच्या मापाने, आपल्या ऐपतीने मूठ करून घ्यायचा. फिरंग तर उघडच तशी, परदेशी पातं आणि इथली मूठ. ताजं उदाहरण म्हणजे नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार, जी महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजारांना सोडवली. तिचं पातं सरळ, एकधारी, युरोपियन बनावटीचं. मूठ मात्र मुल्हेरी घाटाची (घाट म्हणजे मुठीचा आकार, घडण), सोन्याची नक्षी असलेली. आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याने देवनागरीत रघूजींचं नाव, सेनासाहेबसुभा हे पद आणि शेवटी 'फिरंग'. म्हणजे एकाच वस्तूत परदेशी लोहार, देशी मूठकार, सोनं चढवणारा आणि मालक असे चार जण आहेत, आणि त्यातलं नाव फक्त मालकाचं लिहिलंय!

त्यामुळे पात्यावरचा शिक्का मुठीबद्दल काहीही सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर पात्याबद्दलही पूर्ण सांगत नाही. पापणीसारख्या दोन दातेरी कमानींची जी खूण असते ती मुळात इटलीतल्या जेनोआची मानतात, पण युरोपात दुसरीकडेही ती ठोकली गेली आणि आपल्या लोहारांनीही बिनधास्त ठोकली कारण गिऱ्हाईक ती बघून जास्त पैसे द्यायचं. धावत्या लांडग्याची खूण जर्मनीतल्या पासाऊ गावाची, नंतर तिथल्याच झोलिंगनवाल्यांनी उचलली. अंद्रेआ फेरारा हा उत्तर इटलीतला १६व्या शतकातला कारागीर, पण त्याचं नाव तो मेल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या पात्यांवर छापलं जात होतं. 'असदुल्ला इस्फहानी' या इराणी नावाची तीच गत, त्या नावाची पाती शंभराहून जास्त वर्षांच्या पट्ट्यात सापडतात, एवढं आयुष्य एका माणसाला कुठलं. ही नावं म्हणजे तेव्हाचा ब्रँड होता असं समजा आणि पुढे चला.

दुसरी गोष्ट आधीच स्पष्ट करतो कारण नंतर निराशा होते. मुठीवर कारागिराचं नाव शोधू नका. म्हणजे बघा जरूर, पण मिळेल या आशेवर राहू नका. जपानी तलवारीची त्सुबा, म्हणजे मुठीपुढची चकती, तिच्यावर करणाऱ्याची सही असणं नवीन नाही (आणि तिथे खोट्या सह्यांचा सुळसुळाट आहे तो वेगळा विषय), त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून आलेली मंडळी इथेही सही शोधत बसतात. आपल्याकडे सही केलेली मूठ दुर्मीळ. शिवाय सही कुणी करायची? लोखंडाची मूठ घडवणारा एक, त्यावर कोफ्तगरी (सोन्या-चांदीच्या तारेची नक्षी) करणारा दुसरा, पात्याला पाणी आणि धार देणारा शिकलगार तिसरा, म्यानवाला आणखी वेगळा. आपल्याला जे मिळू शकतं ते म्हणजे साधारण प्रदेश, साधारण काळ, आणि नशीब असेल तर कुठल्या शिलेखान्यात (हत्यारांच्या कोठारात) होती ते. एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे, आणि जो विक्रेता "अमुक कारागिराने केलेली मूठ" असं छातीठोक सांगतो त्याच्याकडे कागद मागा.

आता आकड्यांची चूक, यात चांगले चांगले फसतात. मुठीवर बारीक बारीक टिंबांनी ठोकलेली अक्षरं आणि आकडे दिसतात, लोकांना वाटतं ही कारागिराची खूण. बहुतेक वेळा ती शिलेखान्याची नोंद असते, म्हणजे आजच्या ऑफिसातल्या खुर्चीवर नंबर टाकतात तसं. बिकानेरच्या किल्ल्यातली हत्यारं या टिंबाच्या लेखांसाठी प्रसिद्ध आहेत. आणि गंमत अशी की बिकानेरच्या शिलेखान्यात दख्खनी हत्यारं भरपूर, कारण औरंगजेबाच्या दख्खनच्या मोहिमेत बिकानेरचे महाराजा अनुपसिंह होते आणि १६८९ च्या सुमाराला दख्खनमधला अदोनीचा किल्ला पडल्यावर तिथला माल तिकडे गेला. म्हणजे मुठीवर राजस्थानी नोंद, आणि मूठ दख्खनमधली! नोंद बघून 'राजस्थानी मूठ' असं लेबल लावलं की चुकलंच. नोंद सांगते वस्तू कुठे होती, कुठे घडली ते नाही.

त्याच आकड्यांत सन असेल तर अजून एक खड्डा. १७९६ लिहिलंय म्हणजे इसवी सन १७९६, असं नसतं. राजस्थान, गुजरातकडे विक्रम संवत चालायचा, त्यातून ५६-५७ वजा करायचे म्हणजे इसवी सन १७३९-४० येतं. आपल्याकडे शक, त्यात ७८-७९ मिळवायचे. फारसी लेख असेल तर हिजरी, आणि ते वर्ष चांद्र म्हणजे साधारण ३५४ दिवसांचं असल्याने सरळ वजाबाकी चालत नाही, ऑनलाइन कन्व्हर्टर वापरा. मराठी दप्तरात शुहूर सन आणि फसली सन पण आहेत, म्हणजे डोकेदुखीच. म्हणून आधी लिपी बघा, मग प्रदेश, आणि शेवटी आकडेमोड. आणि तीन आकडी नंबर असेल तर तो सन नसून नोंदीचा क्रमांक असण्याचीच शक्यता जास्त.

सोन्याकडे येऊ. पिवळं दिसलं की लोक कोफ्तगरी म्हणून मोकळे होतात. कोफ्तगरीत लोखंडाच्या पृष्ठभागावर छिन्नीने आडव्या-तिरप्या अगदी बारीक रेघा मारून तो खरबरीत करतात आणि त्यावर सोन्या-चांदीची तार ठोकून बसवतात. म्हणून जिथे सोनं झिजलंय तिथे दहापट भिंगातून ते रेघांचं जाळं दिसलं पाहिजे. रेघा हाताच्या असतात, थोड्या वाकड्या, कुठे दाट कुठे विरळ. मुलामा असेल तर खाली असं जाळं नसतं, सोनं सपाट धातूवरून पातळ होत गेलेलं दिसतं. आणि आजचं सोनेरी पेंट किंवा प्लेटिंग असेल तर ते गंजाच्या खड्ड्यांच्या आतपर्यंत गेलेलं सापडतं, म्हणजे आधी गंज मग सोनं. उलटा क्रम! हे एकदा भिंगातून नीट पाहिलं की परत कुणी फसवू शकत नाही.

अजून एक पिवळी फसवणूक आहे आणि ती कुणी मुद्दाम करत नाही. लोखंडी मूठ बऱ्याचदा दोन अर्ध्या भागांत घडवून मग पितळेच्या झाळणीने जोडलेली असते. वरचा थर झिजला की बाजूच्या सांध्यातून पिवळी रेघ दिसायला लागते, मुठीच्या मागच्या टोकाला असलेल्या चकतीच्या बुडाशीही दिसते. "आधी पूर्ण सोन्याची नक्षी होती हो, हा शिल्लक राहिलेला भाग" असं सांगणारे भेटतात. तसं काही नाही, ते झाळकाम आहे. पण ती रेघ आनंदाची गोष्ट आहे, कारण ओतीव नकली मुठीत असा सांधा नसतो, तिथे साच्याची शिवण असते आणि नक्षीच्या कडा मेणासारख्या गोलसर असतात. चुंबक खिशात ठेवा, पितळेच्या ओतीव मुठीवर लोखंडाचा रंग दिलेला असेल तर लगेच कळतं. लग्नात नवरदेवाच्या हातात देतात त्या सिंहाच्या तोंडाच्या पितळी मुठींबद्दल मी काही बोलत नाही, त्यातल्या कितीतरींवर 'मेड इन इंडिया' पण असतं आणि तरी विचारणारे विचारतातच.

पातं आणि मूठ मॅच होत नाही म्हणजे नकली, ही पण घाई आहे. आपल्याकडे मूठ पात्याला लाखेने बसवायची पद्धत. पात्याचं शेपूट आखूड असतं, मुठीच्या पोकळीत गरम लाख भरून ते आत बसवायचं. त्यामुळे मूठ बदलणं सोपं होतं आणि लोक बदलायचे, आजोबाचं पातं नातवाने नव्या मुठीत बसवलं हे अगदी नेहमीचं. प्रश्न असा की बदल तेव्हाचा आहे की मागच्या महिन्यात दुकानदाराने केलाय. मुठीच्या तोंडाशी बघा: मुठीतून पात्याच्या दोन्ही अंगांवर उतरणाऱ्या जिभा पात्याला चिकटून बसल्यात का, की मध्ये फट आहे आणि ती कशाने तरी बुजवलीय, आणि त्या जिभेखालचा गंज दोन्हीकडे सारखा आहे का. अंधारात यूव्ही टॉर्च मारली तर लाख नारिंगी चमकते, इपॉक्सी निळसर पांढरं दिसतं. लाख आजही बाजारात मिळते म्हणून नारिंगी दिसलं म्हणजे जुनंच असं नाही, पण निळसर दिसलं तर प्रश्न विचारा. मूठ सैल असेल तर गॅसवर धरून काढायला जाऊ नका प्लीज, पात्याचं पाणी उतरतं आणि कोफ्तगरीचं सोनं सुटतं.

प्रदेशाची नावं वापरतानाही जरा सांभाळून. दिल्लीशाही, उदयपुरी, मुल्हेरी ही नावं आज घाटाची म्हणून वापरली जातात, जन्मदाखला म्हणून नाही. मुल्हेर म्हणजे बागलाणातलं, नाशिक जिल्ह्यातलं किल्ल्याचं गाव. म्हणून प्रत्येक मुल्हेरी मूठ तिथल्याच भट्टीत निघाली असं म्हणता येत नाही, कारागीर फिरायचे आणि चांगला घाट कुणीही उचलायचं. रुंद परज (बोटं झाकणारं लोखंडी कवच), आत गादी, मागच्या चकतीवर निघालेला वाकडा काटा, ज्याला दुसरा हात लावून वार करता येतो, ही मूठ मराठ्यांकडे जशी होती तशी राजपुतांच्या खांड्यालाही (सरळ, रुंद पात्याच्या तलवारीलाही) होती. एका लक्षणावर निकाल देऊ नका. घाट, नक्षीतली फुलं, जोडकाम, लेख, आणि घरात कशी आली त्याची माहिती हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवत असेल तरच प्रदेशाचं नाव घ्या.

घरची हकिगत लिहून ठेवा पण तिला पुरावा समजू नका. पानिपतावर गेलेली तलवार दर दुसऱ्या वाड्यात आहे. हेच घाट १९व्या शतकात संस्थानांच्या शिपायांसाठी आणि नंतर साहेब लोकांना शोभेची वस्तू म्हणून विकायलाही बनत होते.

आणि साफसफाई! चिंच, लिंबू, पॉलिश पेपर, ग्राइंडरचा बफ, यातलं काहीही लावू नका. टिंबाचे लेख आणि कोफ्तगरीच्या रेघा केसाएवढ्या खोल असतात, एका दुपारच्या घासकामात त्या जातात आणि मग ओळखायला उरतच काही नाही. मऊ कापड आणि हलकं मशीन ऑइल, बस.

कुणा जाणकाराला दाखवायचं असेल तर पात्याचे वीस फोटो पाठवू नका. मुठीचे पाठवा: दोन्ही बाजू, मागची चकती वरून, परजेची आतली बाजू, मुठीच्या तोंडाचा क्लोजअप, आणि लेख असेल तर तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद करून. सोबत मोजपट्टी ठेवा. तुलनेसाठी मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचं केळकर संग्रहालय, साताऱ्याचं संग्रहालय आहेच, आणि लंडनच्या व्हीअँडए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) आणि न्यूयॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) या संग्रहालयांच्या वेबसाइटवर मुठींचे मोठे फोटो फुकट बघता येतात. विकायच्या विचारात असाल तर १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून कुरिअर केली तरी नाही.