होडीच्या मॉडेलसाठी स्वतःची स्केलपट्टी

हर्णै बंदरातली ३० फुटी होडी मी १:४८ प्रमाणात करतोय. दर मापाला ४८ ने भागत बसलं की चुका होतातच, म्हणून आधी खरे फूट ४८ पट लहान करून दाखवणारी पट्टी करून घ्या.

१ फूट म्हणजे ३०४.८ मिमी, भागिले ४८, म्हणजे ६.३५ मिमी. अख्खी होडी १९०.५ मिमी. कर्कटकात ६.३५ धरून पुढे पुढे खुणा करत जाऊ नका. दर खुणेला ०.१ मिमी चुकलं तरी तिसाव्या खुणेला ३ मिमी होतात, म्हणजे होडी जवळजवळ अर्धा फूट लांबली! प्रत्येक खूण शून्यापासूनच मोजा: १० फुटांना ६३.५, २० ला १२७. मधले फूट नंतर भरा. इंच इथे जेमतेम अर्धा मिमी येतो, तेव्हा फक्त पहिल्या फुटाचे तीन-तीन इंचांचे चार भाग पुरेत.

पट्टी कॉम्प्युटरवर आखून कागदावर प्रिंट काढलीत तर १०० टक्क्यांवरच, आणि स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा.

आमच्याकडे पावसाळ्यात कागद ओल धरतो. गेल्या आषाढात पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली माझी पट्टी फुगून मिलिमीटरभर लांबली. होडीच्या चार फळ्या वाया गेल्या, फार जिवाला लागलं. आता कागद दुहेरी टेपने अ‍ॅक्रिलिकवर लावतो, वरून पारदर्शक टेप.