प्रतिजैविक प्रतिरोधाच्या संशोधनासाठी निधी मागताना या चुका टाळा

मराठवाड्यातील वैद्यकीय महाविद्यालये, पशुवैद्यकीय महाविद्यालये आणि विद्यापीठांचे विभाग यांच्याकडून प्रतिजैविक प्रतिरोधावरचे, म्हणजे जिवाणूंवर प्रतिजैविक औषधे लागू न पडण्यावरचे, जे संशोधन प्रस्ताव तयार होतात, त्यांतल्या अनेकांचे पहिले पान जगाच्या आकडेवारीने भरलेले असते. 2019 मध्ये सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट प्रतिरोधी जिवाणूंमुळे झाले आणि सुमारे 49 लाख 50 हजार मृत्यूंशी त्यांचा संबंध होता, हा अंदाज परीक्षकाने शेकडो वेळा वाचलेला असतो. उपजिल्हा रुग्णालयात तापाने आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कोणते इंजेक्शन मिळते, कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीचा, नमुना कुठे पाठवला जातो आणि अहवाल हाती येईपर्यंत रुग्ण घरी गेलेला असतो का, हे मात्र परीक्षकाला ठाऊक नसते. आपल्याजवळचे हे ज्ञान वगळून सर्वांना माहीत असलेले लिहिणे, ही मला सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगी चूक वाटते.

तिच्याच जोडीला दुसरी येते. ‘मराठवाड्यात असा अभ्यास यापूर्वी झालेला नाही’ एवढेच कारण नावीन्य म्हणून दिले जाते. एखाद्या भागात मोजणी झालेली नाही, याने ती मोजणी कोणाला हवी आहे हे सिद्ध होत नाही. प्रस्तावाचा प्रश्न असा लिहावा की उत्तर मिळाल्यावर एखादा ठरावीक निर्णय बदलेल: जिल्हा रुग्णालयात मूत्रमार्गाच्या संसर्गावर सुरुवातीचे औषध कोणते असावे, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातील ‘ॲक्सेस’ गटाची, म्हणजे नेहमीच्या संसर्गांवर आधी वापरायची, कोणती औषधे औषधभांडारात कायम असावीत, किंवा 1 मार्च 2014 पासून लागू असलेल्या एच-1 परिशिष्टाची (चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा, प्रतिजैविकांसह काही औषधांची यादी) नोंदवही, जी औषध विक्रेत्याने तीन वर्षे जपायची असते, तालुक्याच्या गावी खरोखर भरली जाते का. तो निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याशी, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याशी, प्रस्ताव लिहिण्यापूर्वीच बोलावे. त्यांचे पत्र अखेरच्या आठवड्यात घाईने मिळवलेले असले, की त्यात अभ्यासाचे नाव सोडून काहीच नसते, आणि हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

प्रतिजैविक प्रतिरोधावरच्या राष्ट्रीय कृती आराखड्याचा संदर्भ देताना 2017 ते 2021 च्या पहिल्या आराखड्यावरच थांबू नये. 2025 ते 2029 चा दुसरा आराखडा जाहीर झालेला आहे आणि आपला प्रश्न त्यातील कोणत्या उद्दिष्टाशी जुळतो हे एका परिच्छेदात सांगता आले पाहिजे.

३८४ नमुन्यांचा घोटाळा

नमुनासंख्येच्या रकान्यात 384 हा आकडा वारंवार आढळतो. प्रमाण 50 टक्के आणि चूक पाच टक्के धरून सूत्र मांडले की तो निघतो, आणि पुढचा विचार तिथेच थांबतो. प्रतिरोधाच्या अभ्यासात टक्केवारी काढली जाते ती रुग्णांवर नव्हे, वेगळ्या केलेल्या जंतूंवर. समजा 384 रुग्णांच्या लघवीचे नमुने घेतले आणि चारांपैकी एकात जंतूंची लक्षणीय वाढ झाली, तर हाती 96 जंतू राहतील. त्यांतले निम्मे ई. कोलाय (मूत्रमार्गाच्या संसर्गात नेहमी आढळणारा जिवाणू) निघाले तर उरले 48. या 48 पैकी निम्म्यांत एखाद्या औषधाला प्रतिरोध दिसला, तर 95 टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरे प्रमाण ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता असते तो पट्टा, साधारण 36 ते 64 टक्के एवढी रुंद होते, आणि तेवढ्या रुंद उत्तरावर कोणताही अधिकारी औषध बदलणार नाही. म्हणून हिशोब उलट्या बाजूने करावा. ज्या जंतूबद्दल बोलायचे आहे त्याची आवश्यक संख्या आधी ठरवावी आणि मग आपल्याच प्रयोगशाळेच्या मागील नोंदींतून कल्चर किती टक्के सकारात्मक येतात हे पाहून रुग्णसंख्येपर्यंत जावे. मागील नोंदी जोडलेला हिशोब परीक्षकाचा विश्वास जितका मिळवतो, तितका दुसरा कोणताही परिच्छेद क्वचितच मिळवतो.

एका रुग्णाचा एकच, पहिला जंतू मोजावा, हा नियमही प्रस्तावात लिहिलेला असावा. अन्यथा अतिदक्षता विभागात महिनाभर असलेला एकच रुग्ण सगळी टक्केवारी फुगवतो. नमुने प्राथमिक आरोग्य केंद्रांनुसार किंवा गावांनुसार घेणार असाल, तर एकाच गावातील माणसे एकमेकांसारखी असल्याने संख्या वाढवावी लागते, आणि किती वाढवली याचे कारण द्यावे लागते.

हंगाम विसरलेले वेळापत्रक

बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांत वर्षभर पाठपुरावा करण्याचे वेळापत्रक कागदावर सरळ दिसते, पण दसरा-दिवाळीच्या सुमारास उसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि गळीत हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलकडे परततात. ऑगस्टमध्ये नोंदवलेले कुटुंब डिसेंबरच्या भेटीत सापडणार नाही, आणि गळती दहा टक्के धरलेली असेल तर अभ्यास मध्येच कोसळेल. यावर उपाय दोन आहेत: नोंदणी आणि पाठपुरावा एप्रिल ते सप्टेंबर या काळात बसवावा, किंवा स्थलांतरालाच अभ्यासाचा विषय करावा. कोपीवर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीत, आजारी पडलेल्या मुलाला कोण औषध देतो, अर्धवट राहिलेल्या गोळ्या पुढे कोण घेतो, हे प्रश्न इथलेच आहेत आणि दूरच्या मोठ्या संस्थेला ते सुचणे अवघड आहे. या कुटुंबांच्या हाल-अपेष्टांचा उल्लेख केवळ प्रस्तावनेला वजन यावे म्हणून करू नये. अभ्यासातून त्यांच्यापर्यंत काय परत पोचेल, तेही लिहावे.

प्रयोगशाळेचा भाग आणि खर्च

‘प्रमाणित पद्धतीने चाचणी केली जाईल’ हे वाक्य पुरेसे नाही. निकष सीएलएसआय या अमेरिकी संस्थेचे की युकास्ट या युरोपीय समितीचे, आणि कोणत्या वर्षाची आवृत्ती, हे लिहावे, कारण निकषांच्या सीमा बदलतात आणि कालचा संवेदनशील जंतू आजच्या तक्त्यात प्रतिरोधी ठरू शकतो. गुणवत्ता नियंत्रणासाठी ई. कोलाय एटीसीसी 25922 सारखे प्रमाणित जंतू किती दिवसांनी लावणार, तेही नमूद करावे. कोलिस्टिन या अखेरच्या पर्यायाच्या प्रतिजैविकाची चाचणी साध्या डिस्कने, म्हणजे औषध लावलेल्या कागदी चकतीने, करणार असे लिहिले तर जाणकार परीक्षक तिथेच थांबतो. त्यासाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा लावून करायची चाचणी) ही प्रमाण पद्धत आहे आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात दिसला पाहिजे.

लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचला नाही तर थंड ठेवावा लागतो. मे महिन्यात पारा 42 अंशांवर असताना तालुक्याहून दुचाकीवर नमुना आणण्याची योजना शीतपेटी, बर्फाच्या पिशव्या आणि इंधन यांच्या रकमेशिवाय अपुरी आहे. उणे 80 अंशांच्या फ्रीजरची मागणी केली असेल, तर वीज गेल्यावर काय होणार याचे उत्तर, म्हणजे जनरेटर किंवा पर्यायी साठवण, त्याच पानावर द्यावे. उपकरणांसाठी मोठी रक्कम आणि डिस्क, माध्यमे, किट यांसाठी किरकोळ रक्कम, असे उलटे प्रमाण अनेक अंदाजपत्रकांत दिसते. डिस्कना मुदत असते, त्यामुळे तीन वर्षांची खरेदी पहिल्याच वर्षी दाखवू नये.

परवानग्या

नैतिकता समितीची मंजुरी जोडताना, 2019 च्या नियमांनुसार ती समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का, हे आधी पाहावे. परदेशी निधी किंवा भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. स्वयंसेवी संस्थांनी 2020 ची परकीय योगदान कायद्यातील दुरुस्ती नीट वाचावी, कारण एका संस्थेने घेतलेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, आणि मोठी संस्था प्रमुख, गावातील संस्था भागीदार अशी जुनी मांडणी त्यामुळे चालत नाही. परदेशी निधीवर सारी भिस्तही ठेवू नये. ब्रिटनने प्रतिरोधावरील कामासाठी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांना मदत करणाऱ्या फ्लेमिंग फंडाचा निधी थांबवत असल्याचे 2025 मध्ये जाहीर केले.

नावापुरता पशुवैद्यक

‘वन हेल्थ’, म्हणजे माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार, हा शब्द आला की परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकाचे नाव सह-संशोधक म्हणून टाकले जाते, परंतु त्यांच्या वाट्याला ना मनुष्यबळ येते, ना रक्कम, ना प्रश्न ठरवण्याचा हक्क. जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत व कुक्कुटपालनात कोलिस्टिनवर बंदी आली; आता तिथे कोणती औषधे वापरली जातात, कासदाहाच्या गायीचे दूध किती दिवस बाजूला ठेवले जाते, हे त्यांनाच नीट विचारता येते. त्यांच्या प्रयोगशाळेत आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत चाचणीची पद्धत एकच नसेल, तर दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवता येणार नाहीत. ही पद्धत जुळवणी प्रस्ताव पाठवण्यापूर्वी पूर्ण करावी.

नकार आला तर

परीक्षकांचे अभिप्राय मिळाले असतील तर प्रत्येक अभिप्राय उतरवून त्याखाली काय बदलले आणि कोणत्या पानावर, असा तक्ता करावा. अभिप्राय चुकीचा वाटला, तर तो मुद्दा मूळ प्रस्तावात कुठे अस्पष्ट राहिला हे आधी शोधावे. त्याच मजकुराचे मुखपृष्ठ बदलून तो दुसऱ्या संस्थेकडे पाठवू नये. या विषयाचे जाणकार देशात मोजके असल्याने तो पुन्हा त्याच व्यक्तीच्या टेबलावर जाण्याची शक्यता बरीच असते. नमुनासंख्येवर आक्षेप असेल, तर आपल्या प्रयोगशाळेतील एका वर्षाच्या नोंदी जंतूंच्या चाचण्यांचे अहवाल साठवणाऱ्या, मोफत मिळणाऱ्या व्होनेट संगणकप्रणालीत भरून त्यांचे विश्लेषण करावे. त्याला निधी लागत नाही, आणि पुढच्या प्रस्तावाचा पहिला तक्ता त्यातूनच तयार होतो.