पावसाआधी उंदरांचा बंदोबस्त : घरात कुत्रा-मांजर असेल तर काय काय तयारी करायची

मे महिना आला की आपल्याकडे गोव्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, गडबड सुरू होते, सुकी सुंगटं (कोळंबी), सुके बांगडे, सोलं, मिरच्या, कुळीथ, तांदळाची पोती सगळं घरात येऊन पडतं, आणि पाऊस लागला की शेतातली, कुळागरातली (बागायतीतली) बिळं पाण्याने भरतात आणि उंदीर सरळ घराकडे वळतात. म्हणून ही सगळी तयारी जूनच्या आधी करून ठेवायची. आणि घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर एक गोष्ट आधीच पक्की ठरवा, विषाची वडी घरात आणायची नाही. कोपऱ्यात ठेवतो, कपाटामागे ठेवतो, आमचा कुत्रा तिथे जात नाही, हे सगळे म्हणतात पण उंदीर ती वडी उचलून दुसरीकडे नेऊन टाकतो आणि मग ती कुठे आहे ते तुम्हालाही माहीत नसतं.

काही विकत आणायच्या आधी एक रात्र बॅटरी घेऊन घर नीट बघा. लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून बारीक असेल तर लहान उंदीर, साधारण एक सेंटीमीटर किंवा मोठी असेल तर मोठा. कौलारू घरात मोठा काळा उंदीर बहुतेक वरूनच येतो, माडावरून नाहीतर पणसाच्या फांदीवरून कौलावर आणि तिथून वाशांवर, रोज त्याच वाटेने जातो म्हणून वाशाला आणि भिंतीच्या माथ्याला काळपट तेलकट पट्टा दिसतो, बोट फिरवलं की चिकट लागतो. तो पट्टा सापडला म्हणजे वाट सापडली, पिंजरा तिथेच लागणार. बाहेर पायाशी मातीचा ढीग आणि मोठं बीळ असेल तर ती घूस. आणि लांब टोकदार तोंडाची, चिकचिक आवाज करत भिंतीला चिकटून पळणारी असेल तर ती चिचुंद्री, ती झुरळं-किडे खाते, तिला मारायची काहीच गरज नाही, दार उघडं ठेवा, जाईल.

आता खाणं. तांदूळ, पीठ, काजूबिया, सुकी मासळी सगळं पत्र्याच्या नाहीतर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. प्लास्टिकचा डबा मोठा उंदीर कुरतडतो, त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात त्यामुळे कुरतडणं त्याला थांबवताच येत नाही. पोदेर (पाववाला) पाव गेटला पिशवीत अडकवून जातो ना, ती पिशवी लगेच आत घ्या. पण सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कुत्र्या-मांजराच्या वाटीकडे, मांजराने अर्धं खाल्लेलं कॅटफूड किंवा कुत्र्याचा मासळी-भात रात्रभर पडवीत पडलेला असतो, उंदराला अजून काय पाहिजे! त्यांना खाण्याची वेळ ठरवून द्या, अर्ध्या तासाने वाटी उचलून धुऊन ठेवा, आणि ड्रायफूडची पिशवी उघडी न ठेवता डब्यात ओता. घरात मांजर आहे म्हणजे उंदीर येणार नाही असं धरून चालू नका, पोट भरलेलं मांजर कितीदा नुसतं बघत बसतं, आणि मोठ्या उंदराशी झटापट झाली तर चावा तिलाच बसतो.

भोकं बुजवणं हे खरं काम, यात आळस करू नका. लहान उंदराला 6 मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला साधारण 12, म्हणजे करंगळी आत जाते तिथून घरात येणारच. बघायच्या जागा : सिंकखालचा पाईप, गॅसच्या नळीचं भोक, एसीचा पाईप, न्हाणीची मोरी, मागच्या दाराखालची फट, आणि कौलारू घरात भिंतीचा माथा नि वासे यांच्यामधली मोकळी जागा. भोकात आधी भांडी घासायचा स्टीलचा काथ्या गच्च कोंबा आणि वरून सिमेंट लावा, नुसता फोम किंवा कापड चालत नाही, एका रात्रीत कुरतडून टाकतात. वरच्या फटींना आणि मोरीला बारीक छिद्रांची जाळी, आणि ती शक्यतो स्टेनलेस स्टीलचीच घ्या कारण आपल्या खाऱ्या हवेत साधी जाळी लवकर गंजते. सिमेंटमध्ये काचा घालायची जुनी पद्धत आहे ती कुत्र्याच्या पायाच्या उंचीवर तरी करू नका. दाराखाली रबराच्या पट्टीपेक्षा पत्र्याची पट्टी टिकते. कौलावर टेकलेल्या फांद्या पाडून घ्या, भिंतीला लागून रचलेले नारळ, सोडणं (नारळाच्या साली), लाकडं लांब हलवा.

पिंजरा तारेचाच घ्या, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतो, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात पण असतो. आत भाजलेला खोबऱ्याचा तुकडा किंवा सुक्या बांगड्याचं डोकं. मोठा उंदीर नवीन वस्तूला घाबरतो म्हणून पहिले तीन-चार दिवस दार बांधून उघडंच ठेवा, खाऊन जाऊ दे, सवय झाली की मग सापळा लावा. भिंतीला समांतर ठेवा, मधोमध ठेवून काही सापडत नाही. सुक्या मासळीचा वास मांजराला पण येणार, म्हणून पिंजरा माळ्यावर किंवा बंद खोलीत. मारायचा स्प्रिंगचा सापळा वापरायचा असेल तर लहान भोक पाडलेल्या लाकडी खोक्याच्या आत, नाहीतर मांजराचा पंजा नक्की अडकणार. सकाळ-संध्याकाळ बघायचंच, अडकलेला जीव दिवसभर उपाशी ठेवायचा नाही, पाण्यात बुडवायचा तर अजिबात नाही. गोंदाचा कागद मात्र कृपा करून आणू नका, त्यात उंदीर तासन्‌तास तडफडतो, शिवाय मांजर, पाल, पक्षी, सापाचं पिल्लू काहीही चिकटतं, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने सुद्धा राज्यांना त्याविरुद्ध कळवलेलं आहे.

डांबरगोळ्या, कापूर, पुदिन्याचं तेल हे सगळे सांगतात, पण त्याने उंदीर काही कायमचा जात नाही आणि डांबरगोळी कुत्र्या-मांजराने खाल्ली तर ती विषच आहे, मांजराला ही तेलं सुद्धा सोसत नाहीत. आवाज करणाऱ्या प्लगच्या मशीनवर पैसे घालवण्यापेक्षा जाळी घ्या.

साफसफाईला लागणारं सामान पण आधीच आणून ठेवा, ग्लोव्हज, मास्क, ब्लीच. लेंड्या सुक्या झाडूने झाडायच्या नाहीत, धूळ उडून नाकात जाते, आधी एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी शिंपडून पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसून काढा. ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळू नका, फिनाईल मांजरांच्या घरात नकोच, आणि लादी पूर्ण सुकेपर्यंत जनावरांना बाहेर ठेवा. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, पावसात साचलेल्या पाण्यातून तो माणसाला पण होतो आणि कुत्र्याला पण, म्हणून मे मध्येच व्हेटकडे जाऊन कुत्र्याच्या लसीत लेप्टो आहे का ते विचारा. पहिल्यांदा घ्यायची असेल तर काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, नंतर दरवर्षी एक, म्हणून पाऊस लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

शेजाऱ्यांशी बोला, हे विसरू नका. तुम्ही कितीही सांभाळलं आणि बाजूच्या घरात विष घातलं तर गुंगलेला उंदीर तुमच्याच अंगणात येऊन पडतो आणि तुमचं मांजर तो उचलतं, घुबडं पण असे उंदीर खाऊन मरतात. काकींना, भाटात (माडांच्या बागेत) काम करणाऱ्यांना नीट समजावून सांगा, आमच्याकडे जनावरं आहेत, घालणार असाल तर निदान आधी कळवा आणि कुठलं ते सांगा.

एवढं करूनही काही झालंच तर त्यासाठी व्हेटचा नंबर, आणि रात्री-रविवारी उघडा असलेला दुसरा नंबर, फ्रिजवर चिकटवून ठेवा. ब्रोमाडायोलोन या उंदराच्या विषाची वडी खाल्ली तर कुत्रा दोन-तीन दिवस अगदी बरा दिसतो, रक्त गोठायचं हळूहळू बंद होत जातं आणि मग एकदम हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, नाकातून नाहीतर लघवीतून रक्त येतं. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही, खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी न्या, त्यावर व्हिटॅमिन के1 आहे, पण ते कित्येक आठवडे द्यावं लागतं, मध्येच थांबवायचं नाही. काळसर भुकटी असेल तर ती झिंक फॉस्फाईड असू शकते, त्याला उतारा नाही, पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी गॅस होतो, एकेक मिनिट महत्त्वाचं, आणि कुत्रा गाडीत ओकला तर काचा उघड्या ठेवा. घरी मीठपाणी पाजून ओकवायला जाऊ नका. पाकीट, उरलेली वडी, सापडेल ते पिशवीत घालून सोबत न्या म्हणजे डॉक्टरला काय द्यायचं ते लगेच कळतं.

पहिला मोठा पाऊस पडून गेला की परत एकदा बॅटरी घेऊन सगळी बुजवलेली भोकं बघायची, सिमेंट कुठे फुगलंय का, जाळी कुठे सुटलीय का. आणि चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायच्या आधी पिंजरा त्या खोलीच्या माळ्यावर हलवून ठेवा, फळांच्या वासाने त्या दिवसांत उंदीर तिथेच येतात.